ट्रेलरवरचा घरगुती स्मोकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चार मित्रांनी भांडुपच्या एका भाड्याच्या गाळ्यात शनिवार-रविवार घालवून ट्रेलरवर, म्हणजे गाडीमागे जोडायच्या चाकांच्या सांगाड्यावर, स्मोकर (धुरावर मांस शिजवायचं साधन) बांधला. आता तो कर्जतजवळ मामाच्या शेतावर असतो. तो पाहिलेले, त्यावरचं खाल्लेले आणि नुसतं ऐकलेले लोक जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. वाचताना गोंधळ नको म्हणून तीन शब्द आधीच ठरवू: मांस ठेवायचा भाग म्हणजे टाकी, लाकूड जाळायचा डबा म्हणजे भट्टी आणि धूर बाहेर जातो ते धुराडं.

१. स्मोकर म्हणजे नक्की काय? तंदूर आणि शेगडीपेक्षा वेगळं काय आहे यात?

शेगडीवर निखारे थेट मांसाखाली असतात. तंदुरात भिंतीही तापतात आणि काम काही मिनिटांत उरकतं. स्मोकरमध्ये आग बाजूच्या भट्टीत असते. तिथली गरम हवा आणि धूर टाकीतून मांसावरून वाहत जातात आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतात. तापमान १०५ ते १३५ अंश सेल्सियस, वेळ तासांत मोजायचा. अमेरिकेत टेक्सासमध्ये जुन्या प्रोपेन गॅसच्या मोठ्या टाक्या आडव्या घालून असे स्मोकर बांधतात. तिथल्या मध्य भागातल्या बार्बेक्यूची सुरुवात जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या मटणाच्या दुकानांतून झाली.

सगळा खेळ वाहत्या हवेचा आहे. खालच्या निम्म्या उत्तरांत ही हवाच पुन्हा पुन्हा येईल, कारण बिघडलेल्या दहांतल्या नऊ स्मोकरांत लोखंड चांगलं असतं आणि हवेची वाट चुकलेली असते.

२. आमच्या अलिबागकडे पोपटी लावतात. हे तसंच ना?

नातं आहे, पण दूरचं. पोपटीत मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून तोंड पाल्यानेच बंद करतात, मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. आत शिजतं ते शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर. हवा कुठेच वाहत नाही, वाहिली तर पोपटी बिघडेल. स्मोकरचं नेमकं उलट आहे: धुराडं बंद केलं की धूर आत कोंडतो आणि मांस कडू होतं. तरी पोपटी लावणाऱ्याला एक गोष्ट उपजत येते, ती म्हणजे झाकण न उघडता आत काय चाललं आहे हे वासावरून ओळखणं. आमच्यात हे सगळ्यात लवकर ज्याला जमलं तो अलिबागजवळच्या थळचा आहे, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

३. टाकी कुठून आणायची? तेलाचा २०० लिटरचा ड्रम चालणार नाही का?

जमिनीवर ठेवायच्या छोट्या स्मोकरसाठी ड्रम चालतो, पण आतून लेप नसलेला आणि ज्यात खाद्यतेलासारखंच काही भरलं होतं असा. रसायनाचा ड्रम कितीही धुतला, जाळला तरी घेऊ नका. ट्रेलरसाठी मात्र ड्रम नकोच. त्याचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, उष्णता धरत नाही आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी वेल्डिंगपाशी फाटतो.

६ मिमीची नवी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) प्लेट घेऊन रोलिंग मशिनवर गोल वळवून घ्या. प्लेट कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये मिळते. मुंबईच्या दारूखाना भागातल्या भंगार बाजारात जहाजं तोडून निघालेल्या जाड नळ्या आणि प्लेटी मिळतात आणि भाव किलोवर ठरतो. तिथे रंगवलेला माल टाळा. जहाजाच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते तापवलेल्या टाकीत नको. मोठ्या कॉम्प्रेसरची बाद हवेची टाकीही चालते. तेल काढून, झडपा उघड्या ठेवून, आत पाणी भरूनच तिला पहिला छेद द्या.

४. घरी जुनं गॅस सिलिंडर पडून आहे. तेच कापून भट्टी केली तर?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर तुमच्या घरी असलं तरी मालकीचं गॅस कंपनीचं असतं. अनामत भरलेली असते, विकत घेतलेलं नसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिकामं वाटणारं सिलिंडर पूर्ण रिकामं नसतं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसून राहतो, आणि ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. झडप उघडी ठेवली होती, पाण्याने विसळलं होतं हे सगळं ऐकलं आहे. नवी प्लेट विकत घ्या.

५. मापं काय धरायची? भट्टी किती मोठी, धुराडं किती उंच?

आमची टाकी ६०० मिमी व्यासाची आणि १५०० मिमी लांब आहे. आतली जागा सुमारे ४२४ लिटर होते. तेच उदाहरण धरू.

भट्टीचं घनफळ टाकीच्या एक-तृतीयांश, म्हणजे १४१ लिटर. प्रत्येक बाजू ५२ सेंमी असलेला चौकोनी डबा. यापेक्षा लहान भट्टीत लाकूड धुमसत ठेवावं लागतं, आणि धुमसणारं लाकूड म्हणजे घाण धूर. भट्टीसाठी प्लेट १० मिमी घ्या, पातळ प्लेट काही महिन्यांत फुगते.

भट्टीतून टाकीत जाणारं तोंड साधारण ४४० चौ. सेंमी. भट्टीच्या हवेच्या झरोक्यांचं एकूण क्षेत्र १६५ चौ. सेंमीच्या आसपास, आणि त्यावर सरकतं झाकण. धुराड्याच्या आतलं घनफळ टाकीच्या २ टक्क्यांहून किंचित जास्त, म्हणजे इथे ९.३ लिटर. ५ इंची नळी घेतली तर उंची अडीच फूट निघते. हे अंदाजाचे आडाखे आहेत, पण जुने आणि टिकलेले आहेत. शंका आली तर झरोके थोडे मोठे ठेवा. मोठं झाकता येतं, लहान वाढवायला पुन्हा कटर लावावा लागतो.

धुराडं टाकीच्या डोक्यावरून काढू नका. पलीकडच्या टोकाला, जाळीच्या पातळीवरून काढा आणि मग वर वळवा. डोक्यावरून काढलं तर गरम हवा छताला घासत निघून जाते आणि मांस खाली गार राहतं. आम्ही पहिल्यांदा डोक्यावरूनच काढलं होतं. जाळीवर १०० अंश आणि छताशी १५० असं महिनाभर चाललं. शेवटी कापून हलवलं.

तेल-चरबी निघण्यासाठी टाकीच्या तळाला एक इंची झडप लावा आणि तिकडे उतार ठेवा. उतार भट्टीकडे नको, चरबी तिकडे गेली की पेटते.

६. रिव्हर्स फ्लो करू की साधा?

रिव्हर्स फ्लोमध्ये जाळीखाली एक आडवी प्लेट असते. धूर तिच्याखालून पलीकडच्या टोकाला जातो, वर येतो आणि मांसावरून परत येऊन भट्टीच्या बाजूच्या धुराड्यातून निघतो. दोन्ही टोकांचं तापमान जवळपास सारखं राहतं. पण ती प्लेट तीसेक किलो वजन वाढवते, तापायला वेळ घेते आणि लाकूड जास्त खाते. साध्यात भट्टीकडचं टोक १५-२० अंशांनी गरम असतं.

मी साधाच करा म्हणेन. गरम टोकाला कोंबडी, गार टोकाला रान (बकऱ्याची अख्खी मांडी), असा त्या फरकाचा उपयोग होतो.

७. दरवाजा कापला आणि तो वाकडा झाला. आता बसतच नाही. काय करू?

गोल वळवलेल्या प्लेटमध्ये ताण दडलेला असतो. चारही बाजू एकदम कापल्या की तुकडा उसळतो आणि त्याची गोलाई बदलते. आमच्या वेल्डरने नेमकं हेच केलं. दरवाजा सुटून हातात आला आणि परत ठेवला तर खालच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. जॅक आणि साखळी लावून दोन रविवार तो सरळ करण्यात गेले.

बरोबर क्रम असा. आधी खडूने चौकट आखा. आखलेल्या तुकड्यावर, टाकीच्या गोलाईबरोबर वाकवलेल्या दोन जाड पट्ट्या टाचून घ्या. बिजागरीची बाजू आधी कापा, तिथे बिजागऱ्या वेल्ड करा, आणि मगच उरलेल्या तीन बाजू कापा, तेही थांबत, थंड होऊ देत. दरवाजा सुटल्यावर कडेने बाहेरून एक इंची पट्टी लावली की फट झाकते. तुमचा आधीच वाकला असेल तर वाकलेल्या जागी तापवून, बाहेरून पट्टी लावून निभावतं. उरलेल्या फटीत ग्लास फायबरची दोरी बसवा. दुकानदार अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी पुढे करेल, ती घेऊ नका.

८. जाळीसाठी गॅल्वनाइज्ड चालेल का? आणि रंग कुठला?

गॅल्वनाइज्ड म्हणजे जस्ताचा लेप. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि भट्टीत त्याहून कितीतरी जास्त तापमान असतं. त्याच्या वाफेने ताप, थंडी, मळमळ होते. जीआय (गॅल्वनाइज्ड) पाइपवर वेल्डिंग करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, हा ताप त्याला माहीत असतो. जाळी साध्या एमएसची किंवा ३०४ स्टेनलेसची करा.

आतून रंग अजिबात नाही. आतून जवसाचं तेल किंवा साधं खाद्यतेल पातळ पुसून तीन-चार तास रिकामा पेटवायचा, काळा गुळगुळीत थर बसतो. बाहेरून ६०० अंश सोसणारा सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियम रंग. भट्टीवरचा तरीही उडेल, दरवर्षी नव्याने मारा.

९. ट्रेलरचा समतोल कसा साधायचा? आमचा मागून झुलतो.

वजन मागे पडलं आहे. आधी वजन काढा: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा ७.८५ किलो भरतो. त्यानुसार आमची टाकी १६० किलो, भट्टी १२७, दरवाजे, जाळ्या आणि धुराडं मिळून साठेक, सांगाडा, अ‍ॅक्सल आणि चाकं सव्वाशे. एकूण पावणेपाचशेच्या घरात. यातला १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा, म्हणजे ४७ ते ७० किलो. बाथरूमच्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर हुक टेकवला तर लगेच कळतं.

आकाराच्या मानाने भट्टी सगळ्यात जड आणि बहुतेक जण ती मागच्या टोकाला लटकवतात. मग अ‍ॅक्सल मागे सरकवायला हवा. भट्टी आणि टायर यांच्यात दीड फूट अंतर आणि मधे फट ठेवून लावलेला पत्रा पाहिजे, नाहीतर बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन गळतं. उभा केल्यावर चारही कोपऱ्यांना जॅक लावा. मागे जॅक नसताना भट्टीत लाकूड भरायला कोणी वाकला आणि हात टेकवला की पुढचा हुक उचलला जातो. आमच्याकडे तो उचलला गेला तेव्हा आत आग नव्हती, हे नशीब.

१०. याची आरटीओत नोंदणी लागते का? गाडीला जोडून नेला तर कोण विचारणार?

लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि सार्वजनिक रस्त्यावर न्यायचं तर नोंदणी, क्रमांकाची पाटी, दिवे हे सगळं आलं. घरी बांधलेल्या सांगाड्याला ते मिळवणं अवघड आहे, म्हणून लोखंड कापण्याआधी तुमच्या आरटीओत जाऊन विचारा. शिवाय तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेली असेल तरच ती जोडा. "कोण विचारणार" याचं उत्तर अपघात झाल्यावर विमा कंपनी देते.

आम्ही सोपा मार्ग घेतला. चाकं शेतात हलवण्यापुरती ठेवली आणि भांडुपहून कर्जतला तो ‘छोटा हत्ती’ टेम्पोवर चढवून नेला. त्याची वहनक्षमता साधारण पाऊण टन असते, त्यात आमचा बसतो. नेताना हौदाची लांबी-रुंदी आधी मोजा. आमचं धुराडं काढता येण्यासारखं केलं ते याचसाठी, रस्त्यावरच्या केबल आणि कमानींची उंची सांगता येत नाही.

११. सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये पेटवला तर चालेल का? विक्री करता येईल?

बंद किंवा अर्धबंद पार्किंगमध्ये कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गच्चीवर पावणेपाचशे किलो एका जागी ठेवायचे का, हा प्रश्न धुराच्याही आधी येतो, आणि आठ तासांचा धूर वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसाच्या खिडकीत जातो.

विक्रीचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. महापालिकेने हॉटेलं आणि ढाब्यांनाही नोटिसा दिल्या. या शहरात लाकडावरचा नवा धंदा उभा करायची ही वेळ नाही, आणि या हवेत ती असूही नये असं माझं मत आहे. शहराबाहेर विकायचं असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. स्मोकर ट्रेलरवर बांधण्याचा मुंबईकराला खरा फायदा हाच, की बांधायचा इथे आणि पेटवायचा मोकळ्या शेतात.

१२. लाकूड कुठलं वापरायचं? हिकरी, ओक इथे मिळत नाही.

त्यांची गरजही नाही. बाभूळ आणि चिंच उष्णतेसाठी, निखारा चांगला धरतात. आंबा, पेरू, चिकू, फणस सौम्य धुरासाठी. आम्ही बाभळीवर आग ठेवतो आणि तासाला आंब्याच्या लाकडाची एखादी फाळ (चिरलेला तुकडा) घालतो. कोंबडीला पेरू मला सगळ्यात आवडतो.

घालू नये ते: प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, क्रिओसोट हे डांबरी रसायन पाजलेले रेल्वेचे स्लीपर, पाइनची खोकी, निलगिरी आणि कडुनिंब. कण्हेर तर चुकूनही नको. तिचं सगळं झाड विषारी आहे आणि बागेतल्या छाटणीच्या ढिगात ती हमखास असते.

लाकडाच्या वखारीतून फाळी करून आणा. वादळात पडलेल्या फांद्या उचलायच्या तर महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारूनच, कारण १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे उभ्या झाडाला हात लावायलाही परवानगी लागते. फाळी मनगटाएवढ्या करा आणि सहा महिने वाऱ्यावर ठेवा. सुकल्याची खूण म्हणजे टोकाला चिरा पडतात, आणि दोन फाळी एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज येतो. ओल्या फाळीचा आवाज ओल्या मातीवर पाय पडल्यासारखा बसका असतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा.

१३. दाट पांढरा धूर येतो आणि मटण कडू लागतं. लाकूड भिजवून घालतो तरी!

भिजवता म्हणूनच. पाणी आधी वाफ होऊन जावं लागतं, तोवर लाकूड जळत नाही, धुमसतं. पांढरा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड, आणि त्यातलं चिकट द्रव्य मांसावर बसतं. धुराड्यातून बाहेर पडणारा धूर जवळजवळ दिसू नये, उन्हात निळसर झाक दिसावी. लहान, कोरडं लाकूड, उघडे झरोके, जिवंत ज्वाळा. धुराड्याचं झाकण पूर्ण उघडं ठेवा आणि तापमान भट्टीच्या झरोक्यांनी सांभाळा. नवी फाळ घालण्याआधी भट्टीवर दहा मिनिटं ठेवून गरम केली की ती पडताक्षणी पेट घेते. तरी धूर सुधारत नसेल तर मापं तपासा, प्रश्न ५ पाहा.

१४. यावर शिजवायचं काय? ब्रिस्केट (गुराच्या छातीचं मांस) मिळतं का मुंबईत?

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाय, बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हशीचं मांस चालतं आणि ज्यांना खायचं ते त्याचंच ब्रिस्केट करतात. आमच्याकडे रान, कोंबडी, डुकराचा खांदा आणि मासे होतात.

बकऱ्याची रान कमी चरबीची असते, उघडी ठेवली तर कोरडी पडते. ११५ अंशांवर तीन तास उघडी, मग केळीच्या दोन-तीन पानांत घट्ट गुंडाळून आणखी दोन-तीन तास. पान आधी आगीवरून फिरवून मऊ करा, नाहीतर घडीवर फाटतं. कोंबडी १३० अंशांवर अडीच-तीन तास, आतलं तापमान ७४ अंश झालंच पाहिजे. सुरमईच्या तुकड्यांना तासभर पुरतो. शाकाहारी मंडळींसाठी वांगी आणि रताळी, वांग्याचं भरीत तर यावर फार सुरेख होतं.

तापमान जाळीच्या पातळीवर मोजा. दरवाज्यावरचा गोल काटा छतापाशी असतो, तो जास्तच दाखवतो. आणि कच्चं मटण प्रवासात बर्फात ठेवा. ५ ते ६० अंशांमध्ये ते जितकं जास्त रेंगाळेल तितकं धोक्याचं.

१५. डुकराचा खांदा ६८ अंशांवर अडकला, तीन तास हलला नाही. थर्मामीटर बिघडला का?

नाही. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होताना मांस थंड करत असतं, घामाने अंग गार होतं तसं. ६५ ते ७५ च्या मधे हे होतंच. थांबा, किंवा केळीच्या पानात, फॉइलमध्ये गुंडाळा. आग भडकवू नका. खांदा ९३-९५ अंशांना सुटतो, त्याआधी जेवायला बसायची घाई केली तर चामडं मिळतं. पाहुण्यांना जेवणाची वेळ दोन तास उशिराची सांगा.

१६. कापल्यावर आत कडेने गुलाबी दिसतं. कच्चं राहिलं का?

धुरातल्या वायूंची मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी क्रिया होऊन बाहेरच्या कडेने गुलाबी पट्टा येतो, तो पक्कं शिजल्यावरही राहतो. रंगावर विश्वास ठेवू नका. हाडाजवळ, पण हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसा आणि आकडा पाहा.

१७. पावसाळ्यात गंज चढतो. ताडपत्री टाकली तरी!

ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते, म्हणून चढतो. ताडपत्री चार बांबूंवर वर उचलून बांधा, वारा खालून खेळला पाहिजे. मेअखेरीस चरबी खरवडून, एकदा कडक पेटवून, गरम असतानाच आतून तेल पुसा. राख एक चिमूटही ठेवू नका, ओली राख भट्टीचा तळ खाते. खालची झडप उघडी ठेवा आणि धुराड्यावर मडकं उपडं घाला. आमच्या मडक्याखाली एका वर्षी गांधीलमाशांनी घर केलं होतं, तेव्हा ऑक्टोबरात काढताना आधी काठीने हलवा.

१८. रात्री काम संपलं की लगेच हलवता येतो का? निखारे विझलेले दिसतात.

दिसतात, पण राखेखाली दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतात. पेटता किंवा गरम स्मोकर रस्त्यावर नेऊ नका, पुढे पेट्रोल पंप असतो, टोलनाक्याची रांग असते. तापलेल्या भट्टीत बादलीने पाणीही ओतू नका. प्लेट वाकते आणि वाफ अंगावर येते. झरोके आणि धुराडं बंद करून आग हवेवाचून मरू द्या. सकाळी राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा, डब्यात पाणी घाला, ढवळा, आणि हात लावून गार लागली तरच फेका. बाभळीची राख मामा आमच्याकडून मागून घेतात आणि नारळाच्या आळ्यात घालतात.